रिझर्व्ह बँकेची लोकपाल सेवा : नियमावर बोट ठेवता येत असेल तर उत्तम

माझ्या तक्रारीचा विषय तसा किरकोळ होता. एटीएममधून रोकड न येता खात्यातून रक्कम वजा झाली, तर व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत ती परत जमा झाली पाहिजे आणि त्यापुढील प्रत्येक दिवसाच्या विलंबासाठी बँकेने १०० रुपये भरपाई, ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता, दिली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. माझ्या बँकेने रक्कम उशिरा परत केली आणि भरपाईचा विषय मात्र ‘पैसे मिळाले ना, मग आता काय?’ एवढ्यावर मिटवला. म्हणून मी रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली, म्हणजे बँकांविरुद्धच्या ग्राहक तक्रारी सोडवणाऱ्या व्यवस्थेकडे, दाद मागितली.

ही योजना १२ नोव्हेंबर २०२१ रोजी, बँका, बिगरबँकिंग वित्तीय कंपन्या आणि डिजिटल व्यवहार यांच्यासाठीच्या तीन स्वतंत्र योजना एकत्र करून सुरू झाली. आपली शाखा कोणत्या लोकपालाच्या हद्दीत येते, हे शोधत बसण्याची कटकट तेव्हापासून संपली. तक्रार सीएमएस या रिझर्व्ह बँकेच्या तक्रार नोंदणी पोर्टलवर विनाशुल्क नोंदवता येते. पोर्टल जमत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या चंडीगढ येथील तक्रार केंद्राकडे पत्र पाठवता येते आणि ते मराठीत असले तरी चालते. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

खरी परीक्षा अर्ज भरताना होते. आपण आधी बँकेकडे लेखी तक्रार केली होती का आणि कोणत्या तारखेला, हे सुरुवातीलाच विचारले जाते. बँकेला ३० दिवसांची मुदत दिलेली असावी लागते. त्या काळात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तरच लोकपालाचे दार उघडते. काउंटरवर तावातावाने केलेली तोंडी तक्रार येथे हिशेबातच धरली जात नाही. ‘साहेब रजेवर आहेत, अर्ज ठेवून जा’ असे सांगून पोच न देण्याची शाखांची सवय सर्वांच्या परिचयाची आहे. त्यामुळे तक्रार ईमेलने किंवा बँकेच्या ॲपमधून करून तिचा क्रमांक जपून ठेवणे अधिक शहाणपणाचे. लोकपालाकडे जाण्यालाही मुदत असते, २०२१ च्या योजनेत ती उत्तर मिळाल्यापासून एक वर्षाची होती, हेही ध्यानात असू द्यावे. आधी बँकेकडे जाण्याची पायरी चुकल्यामुळे तक्रार अग्राह्य ठरली, तर त्या निर्णयावर अपील नाही. हा भाग मला अनावश्यक कडक वाटतो.

मी अर्जात व्यवहाराची तारीख, रक्कम परत आल्याची तारीख, मधल्या दिवसांचा हिशेब आणि नियमाचा उल्लेख एवढेच लिहिले. पासबुकाचे पान आणि बँकेचे उत्तर जोडले. शाखेत झालेल्या मनस्तापाचे वर्णन गाळले, कारण त्याने भरपाईचा आकडा बदलणार नव्हता. प्रकरण बँकेकडे विचारणेसाठी गेल्यावर जी भाषा बदलली, ती पाहण्यासारखी होती. शाखेने उडवून लावलेल्या मागणीसाठी मुख्य कार्यालयातून अदबीने फोन आला आणि भरपाई खात्यात जमा झाली. लोकपालाने निवाडा देण्याची वेळच आली नाही. माझ्या मते या सेवेचे बळ निवाड्यापेक्षा या विचारणेतच अधिक आहे.

मात्र प्रत्येक गाऱ्हाण्यासाठी ही जागा नाही. कर्ज का नाकारले, यांसारखे बँकेचे व्यावसायिक निर्णय तिच्या कक्षेबाहेर आहेत. न्यायालयात चाललेले प्रकरणही घेतले जात नाही. ग्राहकाने स्वतः किंवा अधिकृत प्रतिनिधीमार्फत बोलावे, वकील लावू नये, अशी अट आहे आणि ती मला रास्त वाटते. २०२१ च्या योजनेत नुकसानीपोटी २० लाख रुपयांपर्यंत, तर मनस्ताप, वेळ आणि खर्च यांपोटी आणखी एक लाखापर्यंत भरपाईची तरतूद केली होती. निवाडा मान्य नसेल, तर ३० दिवसांत अपील करता येते.

आपल्याकडे अनेकांची बचत सहकारी संस्थांमध्ये असते, म्हणून एक खुलासा आवश्यक आहे. ५० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँका याच योजनेत समाविष्ट केल्या गेल्या. पतसंस्था मात्र बँक नसल्याने तिच्याविरुद्धची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडेच न्यावी लागते.