लॉस एंजेलिसची भुयारी लाईट रेल, काम बघितलंय म्हणून सांगतो

आईला घेऊन लाँग बीचवरून पासाडेनाला गेलो, एकदाही गाडी बदलली नाही! आधी दोनदा उतरायला लागायचं आणि आईचे गुडघे दुखतात हो. जून 2023 ला सुरू झालेला हा रीजनल कनेक्टर, म्हणजे आधीच्या वेगवेगळ्या लाईट रेल लाईन जोडणारा भुयारी मार्ग, जेमतेम तीन किलोमीटरचा, तीन नवी स्टेशनं, पण डाउनटाऊनच्या पोटातून नेलाय. एका भागात मशीनने जुळे बोगदे काढले आणि फ्लॉवर स्ट्रीटवर वरून खोदून, खड्ड्यावर काँक्रीटच्या लाद्या टाकून ट्रॅफिक चालू ठेवला, मी स्वतः त्या लाद्यांवरून गाडी नेलीये, चाकाखाली धडधड व्हायची आणि खाली माणसं काम करत असायची. खरंच मानलं! ग्रँड अव्हेन्यूचं स्टेशन खूप खोल आहे, वयस्कर कोणी सोबत असेल तर सरळ लिफ्टच घ्या.