पायथॉनचं एक्सएमएल-आरपीसी मोड्यूल: मोंढ्यातल्या पट्टीच्या हिशोबासाठी कितपत भरवशाचं?

लातूर, परभणी, जालन्याच्या मोंढ्यात आडत दुकानाचं सॉफ्टवेअर बहुतेकदा एकाच कॉम्प्युटरवर सुरू होतं. त्यात एक साधं फंक्शन असतं: सोयाबीनचं वजन, भाव आणि ओलावा द्यायचा, ओलाव्याची कपात, हमाली, तोलाई वजा होऊन पट्टीची रक्कम मिळते. पुढं काट्यावर दुसरा कॉम्प्युटर येतो, मुनिमासाठी तिसरा येतो, आणि हेच फंक्शन तिन्हीकडून चालवावं लागतं. फाइल तीन ठिकाणी कॉपी करणं हा सर्वांत वाईट उपाय. हमालीचा दर बदलला की कुठंतरी जुना राहतोच, आणि एकाच मालाच्या दोन वेगळ्या पट्ट्या निघतात.

यावर पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेसोबत आपसूक येणारं एक्सएमएल-आरपीसी मोड्यूल, म्हणजे एका कॉम्प्युटरवरचं फंक्शन नेटवर्कवरून दुसऱ्या कॉम्प्युटरला चालवू देणारी सोय, हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. वेगळं काही इन्स्टॉल करायचं नाही, इंटरनेट लागत नाही, दुकानातल्या राउटरवर काम भागतं. सर्व्हरवर तीन ओळी: पत्ता आणि पोर्ट देऊन सर्व्हर बनवा, ‘रजिस्टर फंक्शन’ला आपलं फंक्शन द्या, ‘सर्व्ह फॉरेव्हर’ चालू करा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ‘सर्व्हर प्रॉक्सी’ला तोच पत्ता दिला की फंक्शन तिथंच असल्यासारखं हाक मारता येतं. पायथॉन 3.7 पासून ‘रजिस्टर फंक्शन’ डेकोरेटर (फंक्शनच्या वर @ लावून लिहायची ओळ) म्हणूनही वापरता येतं. इतक्या कमी कष्टात चालू होणारी दुसरी सोय सहसा सापडत नाही.

मात्र चालू झालं म्हणून ते फंक्शन जसंच्या तसं उघडं ठेवू नये. मूळ फंक्शनला हात न लावता त्याच्यापुढं एक छोटा रॅपर ठेवावा. बाहेरून आलेली माहिती तपासून मूळ फंक्शनला हवी तशी देणं आणि उत्तर नेटवर्कवरून जाईल अशा रूपात परत करणं, एवढंच त्याचं काम. या मोड्यूलच्या बहुतेक अडचणी याच जागी येतात.

पहिली अडचण आकड्यांची. या प्रोटोकॉलमध्ये पूर्णांक 32 बिटांचा, म्हणजे 2,14,74,83,647 पर्यंतच जातो. दहा अंकी मोबाइल नंबर आकडा म्हणून पाठवला की ओव्हरफ्लो एरर येणारच, कारण आपले नंबर 6 ते 9 नेच सुरू होतात. आधार क्रमांकाचंही तेच. त्याहून फसवी गोष्ट पैशांची. रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवणं ही चांगली सवय आहे, पण मग मर्यादा 2 कोटी 14 लाख 74 हजार 836 रुपये 47 पैशांवर येते. रोजच्या पट्ट्या बिनबोभाट जातात आणि हंगामाची एकूण उलाढाल मागितली की प्रोग्राम अडतो. डेसिमल प्रकार (दशांश अचूक ठेवणारा आकडा) हे मोड्यूल स्वीकारतच नाही, थेट टाइप एरर देतं. म्हणून नंबर आणि रकमा दोन्ही स्ट्रिंग (मजकूर) म्हणून पाठवावेत आणि रॅपरमध्ये रकमांचं डेसिमल करावं. फ्लोटमध्ये (दशांश अंदाजे ठेवणाऱ्या प्रकारात) रक्कम ठेवायची पळवाट काढू नये. पैशाचा फरक शेवटी खतावणीत दिसतोच.

इतर प्रकारांचंही पाहून घ्यावं. टपल (न बदलणारी यादी) पाठवला तर पलीकडं लिस्ट (साधी यादी) पोचते. डिक्शनरीत (की आणि तिची किंमत अशा जोड्यांचा तक्ता) की स्ट्रिंगच हवी, त्यामुळं ओलाव्याच्या टक्क्यावर बांधलेला कपातीचा तक्ता 12, 13, 14 अशा आकडी कीसह जात नाही. नेम्ड टपल (घरांना नावं दिलेला टपल) अडतो. नुसती तारीख अडते. वेळेसकट डेटटाइम जाते, पण ‘यूज बिल्टइन टाइप्स’ चालू नसेल तर पलीकडं मोड्यूलची स्वतःची डेटटाइम वस्तू हाती येते, तुलना करताना ती गोंधळ घालते. स्वतः लिहिलेल्या क्लासची वस्तू पाठवली तर एररही येत नाही, ती मुकाट्यानं डिक्शनरी होऊन जाते आणि तिच्या मेथड मागंच राहतात.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक मात्र ‘नन’ची आहे. पट्टी सेव्ह करणाऱ्या फंक्शनमध्ये बऱ्याचदा रिटर्न नसतो, म्हणजे ते नन (‘काहीच नाही’ ही किंमत) परत करतं. मोड्यूल डीफॉल्टनं नन पाठवत नाही. आधी फंक्शन पूर्ण चालतं, डेटाबेसमध्ये नोंद होते, आणि त्यानंतर उत्तर बांधताना एरर येतो. काट्यावरच्या माणसाला ‘एरर’ दिसतो, तो पुन्हा बटण दाबतो, आणि एकाच शेतकऱ्याची पट्टी दोनदा चढते. ‘अलाउ नन’ चालू करता येतं, पण त्यापेक्षा प्रत्येक सेव्ह फंक्शनच्या रॅपरनं पट्टी क्रमांक परत द्यावा. माल उतरवून थांबलेल्या शेतकऱ्याला तोच तर हवा असतो.

कीवर्ड आर्ग्युमेंट, म्हणजे नावानिशी दिलेली माहिती, चालत नाहीत. ‘मर्यादा=12’ असं प्रॉक्सीला दिलं तर क्लायंटवरच टाइप एरर येतो. सरळ उपाय म्हणजे एकच डिक्शनरी पाठवायची आणि रॅपरमध्ये दोन तारकांनी उलगडायची. उलगडण्याआधी अपेक्षित नावांखेरीज दुसरं काही आलंय का ते तपासावं.

रॅपर डेकोरेटरनं बनवत असाल तर ‘फंकटूल्स’मधलं ‘रॅप्स’ विसरू नका. मोड्यूल फंक्शनचं नाव त्याच्या आतल्या नावावरून घेतं. रॅप्स नसेल तर सगळ्या फंक्शनांचं नाव ‘रॅपर’ हेच होतं, प्रत्येक नवं रजिस्टर जुन्याच्या जागी बसतं, आणि कसलाही इशारा न देता फक्त शेवटचं शिल्लक राहतं. पार्शल वस्तूला (काही माहिती आधीच भरून ठेवलेल्या फंक्शनला) तर नावच नसतं, तिथं नाव हातानं द्यावं लागतं. ओळखफंक्शनं चालू करून ‘सिस्टम डॉट लिस्टमेथड्स’ विचारलं की काय रजिस्टर झालंय ते लगेच कळतं. नावं रोमन अक्षरांतच ठेवावीत. पायथॉनला देवनागरी नाव चालतं, पण प्रोटोकॉलच्या नियमात ते बसत नाही. आत जाणारा मराठी मजकूर, शेतकऱ्याचं किंवा गावाचं नाव, व्यवस्थित पोचतो.

एररच्या बाबतीत मोड्यूल कमी पडतं. सर्व्हरवर काहीही बिघडलं तरी क्लायंटला (हाक मारणाऱ्या कॉम्प्युटरला) क्रमांक 1 चा फॉल्ट, म्हणजे एररचं उत्तर, मिळतो, सोबत क्लासचं नाव आणि निरोप. सर्व्हरच्या स्क्रीनवर ट्रेसबॅक (एरर कोणत्या ओळींतून आला त्याची यादी) उमटत नाही, त्यामुळं कोणत्या ओळीवर गाडी अडली ते शोधायला काहीच हाती राहत नाही. रॅपरमध्ये ट्राय-एक्सेप्ट घालून पूर्ण ट्रेसबॅक लॉग फाइलमध्ये लिहावा आणि आपल्या क्रमांकांचा फॉल्ट पाठवावा: समजा 101 म्हणजे ओलावा चुकीचा, 102 म्हणजे त्या दिवसाचा भाव भरलेला नाही. मग काट्यावरच्या स्क्रीनवर मराठीत नेमकं कारण दाखवता येतं.

आता एक बारीक गोष्ट, जी फार थोड्यांच्या लक्षात येते. सर्व्हरनं काम केलं पण उत्तर येण्याआधी जोडणी तुटली, तर क्लायंटकडचं ट्रान्सपोर्ट (हाक पाठवणारा भाग) तीच हाक एकदा स्वतःहून पुन्हा पाठवतं. हिशोब काढणाऱ्या फंक्शनला त्यानं फरक पडत नाही, नोंद करणाऱ्याला पडतो. मोंढ्यात वीज मधेच जाते, राउटर बंद-चालू होतो, तेव्हा हे गृहीतच धरावं. क्लायंटनं प्रत्येक नोंदीसोबत एक वेगळा ओळख क्रमांक पाठवावा, टेबलात तो कॉलम युनिक ठेवावा, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर रॅपरनं जुनंच उत्तर द्यावं. प्रॉक्सीला टाइमआउट देण्याची थेट सोय नाही. ‘सॉकेट’मधला डीफॉल्ट टाइमआउट 10 सेकंदांवर ठेवला तर काट्यावरची स्क्रीन गोठून राहत नाही.

सर्व्हर मुळात एका वेळी एकच हाक घेतो. मुनिमानं महिन्याचा अहवाल मागितला की काटा थांबतो. ‘थ्रेडिंग मिक्सइन’ जोडलं की प्रत्येक हाक वेगळ्या थ्रेडमध्ये (समांतर धाग्यात) चालते आणि हे सुटतं, पण एसक्यूलाइट या डेटाबेसचं कनेक्शन बाहेर एकदाच उघडलेलं असेल तर ते दुसऱ्या थ्रेडमध्ये वापरता येत नाही. रॅपरमध्येच कनेक्शन उघडावं आणि काम झालं की बंद करावं.

सुरक्षेबाबत मत स्पष्ट आहे: हे मोड्यूल इंटरनेटवर उघडं ठेवू नये. लॉगिन नाही, आणि मुद्दाम बिघडवलेल्या एक्सएमएलपासून पुरेसं संरक्षण नाही. पायथॉनच्या दस्तऐवजातही तसा इशारा दिलेला आहे. उदगीरची शाखा लातूरशी जोडायची असेल तर व्हीपीएन (इंटरनेटवरची खासगी, सुरक्षित जोडणी) घ्यावा. संपूर्ण इन्स्टन्स रजिस्टर करताना ‘अलाउ डॉटेड नेम्स’ चालू करणं म्हणजे मोड्यूलमधल्या आतल्या वस्तूंपर्यंत वाट मोकळी करणं; ते कधीच करू नये.

एका दुकानाच्या दोन-चार कॉम्प्युटरांसाठी पाचपैकी चार. शाखा वाढल्या, मोबाइल ॲप आलं, तर गुण दोनवर येतात. तेव्हा याच कामाची दुसरी पद्धत, जेएसओएन-आरपीसी 2.0, पाहावी. त्यात नावानिशी पॅरामीटर चालतात आणि चुकीच्या पॅरामीटरसाठी उणे 32602 असा ठरलेला एरर क्रमांक आहे. जीआरपीसी या तिसऱ्या पद्धतीत प्रोटो फाइल (फंक्शनं आणि त्यांच्या माहितीचं वर्णन) लिहून कोड तयार करावा लागतो, हँडलरला रिक्वेस्ट आणि कॉन्टेक्स्ट अशा दोनच वस्तू मिळतात, पण 64 बिटांचे पूर्णांक आणि प्रत्येक हाकेला डेडलाइन (वेळेची मर्यादा) मिळते. रॅपर वेगळा ठेवला असेल तर या दोन्हींकडं जाताना पट्टीचं फंक्शन आणि त्याच्या चाचण्या तशाच राहतात, बदलावा लागतो तो फक्त रॅपर आणि जोडणीचा कोड.