अ‍ॅपवर एन. राजम : आवाज झकास, बाकी बोंब

एका म्युझिक अ‍ॅपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलंय, मुख्यतः एन. राजम यांच्या व्हायोलिनसाठी. आवाजाची क्वालिटी भारीच, चांगले हेडफोन लावले की तंबोऱ्याची जवारीसुद्धा (तारांची ती गुंजणारी झंकार) नीट कळते आणि बाईंचा बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, नेमका कुठे पलटला ते शोधत बसलं तरी सापडत नाही इतकं सलग वाजतं.

पण या लोकांनी त्यांना टाकलंय कुठे, तर झोपेच्या प्लेलिस्टमध्ये! अहो, ज्या बाईंनी उभं आयुष्य व्हायोलिनला गायला लावलं त्यांच्यावर ही वेळ? १९३८ चा जन्म, तिसऱ्या वर्षापासून वडील नारायण अय्यर यांच्याकडे कर्नाटक पद्धतीची तालीम, तरुणपणीच एम. एस. सुब्बुलक्ष्मींना साथ. तिकडेच राहिल्या असत्या तरी नाव झालंच असतं (भाऊ टी. एन. कृष्णन यांचं कर्नाटक व्हायोलिनमध्ये झालं की). पण हिंदुस्थानी गायक ओंकारनाथ ठाकुरांच्या गाण्याने ओढलं. ओंकारनाथ म्हणजे आपल्या विष्णु दिगंबरांचे शिष्य, ग्वाल्हेरची गायकी, आणि ते गाणं मींडेसकट (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), बोलांसकट तारेवर उतरवायचं हा बाईंचा हट्ट. बनारस हिंदू विद्यापीठात जवळपास ४० वर्षं शिकवलं, घरात मुलगी संगीता शंकर आणि नाती रागिणी, नंदिनी, सगळ्या व्हायोलिनवरच.

आता गायकी अंग, म्हणजे वाद्यावर गाणंच वाजवायचं, म्हटल्यावर बंदिश (शब्दांत बांधलेली रचना) कुठली ते सांगायला नको? शब्द माहीत असले ना, की मुखडा (बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना ती ओळच कानात येते, नाहीतर मग नुसती छान सुरावट. इथे बंदिशीचा पत्ता नाही, तबल्यावर कोण ते नाही, रेकॉर्डिंगचं साल नाही, रागाच्या नावापुढे फक्त 'इन्स्ट्रुमेंटल'. त्यात विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) वेगवेगळे ट्रॅक करून ठेवलेत, शफल चालू राहिलं की द्रुत आधी आणि सुरुवातीचा संथ आलाप शेवटी, म्हणजे वरण-भाताआधी मठ्ठा. कस्टमर केअरला मेल केला तर उत्तर आलं, मूडनुसार प्लेलिस्ट ट्राय करा. कसला मूड डोंबलाचा.

तरी रिन्यू करणार, कारण यातली बरीच रेकॉर्डिंग्ज मला दुकानात मिळाली नाहीत. ५ पैकी ३ स्टार, तेही बाईंमुळे. घेणार असाल तर शफल आधी बंद करा, आणि लाइट म्युझिकवाल्यांनी पैसे वाया घालवू नका, त्यांना फुकटच्या अ‍ॅपवर भरपूर आहे.