नवा पंप बिलात, जुना टाकीत

सुपरचार्जरवाली (इंजिनात जादा हवा दाबून भरणारं यंत्र बसवलेली) गाडी कोणत्या गॅरेजच्या ताब्यात द्यायची असेल तर आधी हे वाचा. माझे निम्म्याहून जास्त पैसे परत आलेत, त्यामुळे राग बराचसा ओसरलाय. पण ज्या सफाईने हा प्रकार झाला, ती सफाई एका गिऱ्हाइकावर कमावलेली नसते.

तक्रार एका वाक्याची होती. चार हजार आरपीएमपर्यंत गाडी झकास, पाच हजारांच्या वर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला की गुदमरायची. सुपरचार्जर बेल्टवर चालतो, त्यामुळे इंजिनची गती वाढेल तशी तो हवा वाढवत नेतो, आणि पेट्रोलची सगळ्यात मोठी मागणी वरच्या आरपीएमलाच येते. तिथे पुरवठा कमी पडला की मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि नॉकिंग सुरू होतं, म्हणजे मिश्रण सिलिंडरमध्ये भलत्या वेळी आपोआप पेटतं. नॉक सेन्सर इग्निशन मागे खेचून, म्हणजे ठिणगी उशिरा पाडून, इंजिन वाचवायला बघतो, म्हणून आपल्याला नुसती ताकद गेल्यासारखी वाटते. दुर्लक्ष केलं तर पिस्टन वितळतो. माझ्या वाइडबँड मीटरवर (तो हवा-इंधन प्रमाण दाखवतो, आकडा जास्त म्हणजे पेट्रोल कमी) पूर्ण बूस्टला, म्हणजे सुपरचार्जरचा हवेचा दाब पूर्ण असताना, 11.8 च्या आसपास दिसायला हवं होतं, तिथे 13.8 दिसत होतं. म्हणजे संशय पेट्रोलवरच होता आणि गॅरेजवाल्याला तो मीच सांगितला.

त्याने फ्युएल रेलला (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीला) प्रेशर गेज लावलं, गाडी न्यूट्रलवर चालू ठेवली आणि काटा दाखवला. अडीच बार. "साहेब, कंपनीचा आकडा तीनचा आहे. पंप गेलाय." बघणाऱ्याला पटेल असंच होतं ते. पण माझ्या गाडीतल्या रेग्युलेटरला, म्हणजे रेलमधलं प्रेशर ठरवणाऱ्या झडपेला, मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतून) एक बारीक नळी येते. न्यूट्रलवर मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, तो रेग्युलेटरला खाली खेचतो आणि तीनचे अडीच होतात. नळी काढली की काटा तीनवर जातो. बूस्ट असेल तेव्हा उलट, जेवढा बूस्ट तेवढं प्रेशर वर चढायला हवं: 0.7 बार बूस्टला रेलमध्ये 3.7. थोडक्यात, त्याने मला तब्येत ठणठणीत असल्याचा रिपोर्ट दाखवून ऑपरेशन सांगितलं. रोज हीच कामं करणाऱ्या माणसाला हे माहीत नव्हतं, यावर माझा विश्वास नाही.

बिलात ताशी 255 लिटरचा नवा पंप (टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा) आणि इंजेक्टर साफसफाई. सोबत पंपाचा रिकामा खोका आणि एक छापील आलेख: आडवं आरपीएम, उभं हवा-इंधन प्रमाण, आणि वरपर्यंत 11.8 ची सरळ रेघ. बेल्टही नवाकोरा दिसला. विचारलं तर म्हणाला, "तो आमच्याकडून फ्री."

फुकट बेल्ट कोण देतं हो?

गाडी गुदमरायची थांबली होती, हे खरं. पण ती जोरही करत नव्हती. बूस्ट गेज 0.7 च्या जागी 0.4 वर अडकायचं. फोन केला तर "हवा गरम आहे साहेब, गरम हवेत बूस्ट कमीच मिळतो." उष्णतेचा थोडा फरक पडतो, मान्य, पण जवळजवळ निम्मा?

मग एका जाणकार मित्राबरोबर बॉनेट उघडलं. बेल्टच्या पाठीवर आकडा छापलेला असतो, तो आधी वाचला. 6पीके1770. सहा म्हणजे बेल्टच्या रेघा, पुढचा आकडा मिलिमीटरमधली लांबी. सुपरचार्जर किटच्या कागदांत 6पीके1750 होता. वीस मिलिमीटर लांब बेल्ट उगाच बसत नाही. कॅलिपरने सुपरचार्जरची पुली, म्हणजे बेल्ट ज्यावर फिरतो ते चाक, मोजली: 65 ची असायला हवी ती 78 मिलिमीटरची निघाली. पुली मोठी म्हणजे सुपरचार्जर हळू फिरणार, हवा कमी जाणार आणि त्याच अपुऱ्या पेट्रोलात मिश्रण बरोबर दिसणार. आलेख खोटा नव्हताच. त्यावर बूस्टची रेघ तेवढी काढली नव्हती.

मागची सीट उचलली. पंपावरच्या झाकणाच्या कडेचा काळा सीलंट कारखान्यातून आला तसाच, कुठे कापल्याची खूण नाही, वर धुळीचा थर. झाकण उघडून पंप बाहेर काढला तर त्यावरचा तारखेचा शिक्का गाडी बनली त्याच वर्षाचा. नवा पंप टाकीत कधी उतरलाच नव्हता.

आणि खरा दोष तिथेच, हाताच्या अंतरावर होता. पंपाच्या कनेक्टरचं पांढरं प्लॅस्टिक एका पिनभोवती तपकिरी होऊन फुगलेलं. बॅटरीवर 13.8 व्होल्ट, पण पंप जोरात चालू असताना त्याच्या पिनांवर 11.3. कनेक्टर सोडवून नुसत्या वायरीवर मोजलं असतं तर पूर्ण 13.8 दिसले असते. करंट वाहत असतानाच मोजावं लागतं. व्होल्टेज पडलं की पंप हळू फिरतो. कमी मागणीला निभतं, वर निभत नाही.

नवा कनेक्टर, जाड वायर, बॅटरीवरून वेगळा रिले आणि स्वच्छ अर्थिंग. जुन्या मापाची पुली. रेल प्रेशरचा सेन्सर जोडून लॉग (गाडी चालताना नोंदलेले आकडे) घेतला तर वरपर्यंत 3.7. दुरुस्तीआधी याच पुलीवर मुद्दाम एक लॉग घेतला होता, त्यात पाच हजारांनंतर प्रेशर 2.9 वर घसरलं होतं. इंजेक्टरच्या दोन टोकांतला प्रेशरचा फरक (रेलमधलं प्रेशर वजा बूस्ट) तीनवरून 2.2 वर आला की प्रवाह वर्गमुळाच्या हिशोबाने साधारण 14 टक्के घटतो, आणि 11.8 चे 13.8 होतात ते तिथून. मूळ पंप या इंजिनाला पुरेसा होता, नव्याची गरजच नव्हती.

हल्ली कोणी विचारलं की मी एवढंच सांगतो: एकाच रनचा लॉग मागा, त्यात आरपीएम, बूस्ट, रेल प्रेशर आणि हवा-इंधन प्रमाण चारही हवेत, आणि तो फोटो म्हणून न घेता मूळ फाइल घ्या. इंजेक्टर ड्युटी सायकल (इंजेक्टर किती टक्के वेळ उघडा राहतो) असेल तर उत्तम. 85 टक्क्यांच्या वर जात असेल तर प्रश्न वेगळा आहे. साधं गेज वापरणार असाल तर ते लांब नळीने काचेच्या बाहेरून चिकटवा, पेट्रोलची नळी केबिनमध्ये आणू नका. काढलेला पार्ट हातात मागा. रिकामा खोका काहीच सिद्ध करत नाही. आणि काम सोपवण्याआधी पुलीचा, बेल्टवरच्या आकड्याचा आणि पंपाच्या झाकणाचा फोटो काढून ठेवा.

फोटो, दोन्ही लॉग आणि तारखेचा शिक्का असलेला पंप घेऊन गेलो तेव्हा आधी "पोराने बसवला असेल, मी बघतो" झालं. पुलीचं माप काढल्यावर तो माझ्याऐवजी बिलाकडे बघायला लागला. पंपाचे आणि मजुरीचे पैसे दिले. इंजेक्टर साफ केलेच होते म्हणाला, ते सोडून दिलं. त्याचा पुरावा माझ्याकडे नव्हता. मूळ पुली मागितली तर भंगारात गेली म्हणे. ती मला नवी घ्यावी लागली.