सहा तासांत खत? माझ्या मिरचीला विचारा

लेकीनं दिवाळीला ओल्या कचऱ्याचं विजेवर चालणारं मशीन आणून ओट्यावर ठेवलं. "आई, सहा तासांत खत!" किंमत सांगायला तयार नव्हती, पण बिल खोक्यातच राहिलं होतं. 24,000 रुपये. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण बाजारातली या प्रकारची बरीचशी मशीनं थोड्याफार फरकानं हेच करतात.

आधी चांगलं सांगते. तीन लिटरचं भांडं, दोघांच्या घराला पुरतं. भाजीची देठं, शिळी पोळी, पापलेटचे काटे, सगळं पोटात घेतं. रात्री लावलं की सकाळी मूठभर तपकिरी भुकटी. वास नाही, झुरळं नाहीत. पावसाळ्यात कचऱ्याच्या डब्याला सुटणारं पाणी बंद झालं, हे एकच कारण मला पुरेसं होतं. आवाज मात्र दळण दळल्यासारखा, त्यामुळे झोपायच्या खोलीचं दार लावावं लागतं. वासाची गाळणी चार महिन्यांनी बदलावी लागली, तो खर्च वेगळा.

आता मिरचीची गोष्ट. माहितीपत्रकात एक बाई हसत हसत ती भुकटी थेट कुंडीत घालतेय. मीही दोन मुठी घातल्या, वर पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी मातीवर पांढरी बुरशी, आंबलेल्या पिठाचा वास आणि चिलटांचा थवा. आठवड्याभरात पानं पिवळी पडली, पंधरवड्यात रोप गेलं. फोन लावला तर पलीकडून, "मॅडम, प्रमाण जास्त झालं असेल."

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. नायट्रोजनचं चक्र फळ्यावर किती वेळा काढलं असेल, बाण कुठून कुठे जातो ते झोपेत सांगेन. तरी फसले, याचाच जास्त राग आला. मशीन कचरा तापवतं, वाळवतं, दळतं. कुजवत नाही. ती भुकटी म्हणजे भाजलेला, दळलेला कचराच, मसाल्याच्या डब्यात शोभेल असा. पाणी लागलं की जे कुजणं बाहेर व्हायला हवं होतं ते मुळांशी सुरू होतं. जिवाणू भराभर वाढतात, मुळांजवळचा प्राणवायू संपवतात, आम्ल तयार होतं. त्यात आपल्या उरल्यासुरल्या आमटी-भाजीतलं मीठही जातं. मिरचीनं काय करावं?

आणि खरी गंमत पुढे आहे. फळ्यावरच्या चित्रात मी 'विघटक' असा एकच शब्द लिहायची, जणू तो एकच कोणी गृहस्थ आहे. जिवाणू कचऱ्यातला नायट्रोजन आधी आपल्या अंगात साठवतात. तो झाडाला लवकर मिळायचा तर त्या जिवाणूंना कोणीतरी खावं लागतं. मातीतले एकपेशीय जीव आणि डोळ्यांना न दिसणारे सूत्रकृमी हे काम करतात. त्यांना लागतो त्याहून जास्त नायट्रोजन त्या जेवणातून मिळतो, म्हणून उरलेला ते अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतात आणि तो झाडाच्या वाट्याला येतो. खाणारा आणि खाणाऱ्याला खाणारा, दोघं असले की बाण भराभर पुढे सरकतो. तापून निघालेल्या भुकटीत यातलं कोण शिल्लक राहणार?

माझ्या आजीचा वाईजवळच्या गावात उकिरडा होता. शेण, राख, गोठ्यातलं गवत, पालापाचोळा. वैशाखात गाडी भरून शेतात जायचा. तिला जिवाणूंची नावं माहीत नव्हती, पण तळचं जुनं खत थोडं राखून ठेवायची, नव्या ढिगाला 'विरजण' म्हणून.

तेच मी आता गॅलरीत करते. जुनी भाजीची जाळीदार पेटी, आत नारळाच्या शेंड्या, सोसायटीच्या झाडलोटीतला बदामाचा पाला, मशीनची भुकटी, आणि शेजारच्या काकूंच्या कुंडीतलं मूठभर जुनं खत. वजनानं कर्बाचे 25 ते 30 भाग आणि नायट्रोजनचा एक, असा पुस्तकी हिशोब असतो. मी मात्र एक वाटी भुकटीला तीन ओंजळी चुरलेला पाला असं ढोबळ धरते. ओल इतकीच, की मुठीत दाबलं तर एखादा थेंब यावा. इतक्या छोट्या ढिगात मोठ्या ढिगाएवढी उष्णता टिकत नाही, हात घातला तर जेमतेम कोमट लागतं.

महिन्याभरात पाहुणे आले. आधी बुरशीचे पांढरे धागे, मग ठिपक्याएवढे उड्या मारणारे किडे (स्प्रिंगटेल), हात लावला की गोल होणारा पैसा किडा, एकदा लष्करी माशीच्या (ब्लॅक सोल्जर फ्लाय) अळ्या. यजमान म्हणाले, "हे घरात पाळायचं?" मी म्हटलं, राहू द्या, भाडं देतात. साधारण अडीच महिन्यांनी पेटीला पहिल्या पावसातल्या मातीचा वास यायला लागला. तो वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, आणि ते द्रव्य मुख्यतः मातीतले काही जिवाणू तयार करतात. तेव्हा कुठे मी त्याला खत म्हटलं.

मग मशीन घ्यावं का? गॅलरी असेल आणि थोडा धीर असेल, तर शंभर-दीडशेची पेटी पुरे. गॅलरी नसेल, मासळी खाणारं घर असेल, पावसात कचऱ्याचा त्रास असेल, तर घ्या, पण 'कचरा वाळवायचं यंत्र' म्हणून. बारीक चुरा हवा असेल तर सोय उत्तम आहे, कारण बारीक केलेलं लवकर कुजतं. खोक्यावर 'खत' लिहिलंय म्हणून 5 पैकी 2 तारे. ओट्यावरची सोय म्हणून आणखी एक देते, आणि तोही लेकीसाठी.

नवी मिरची लावलीय. तिला अजून फक्त पेटीतलंच खत मिळतं. मशीनची भुकटी तिच्या आसपास फिरकू देत नाही.