शेवटच्या रांगेतून वाचता येणारी मराठी ओळ

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी फिल्म सोसायटीचा खेळ असतो. पगारी माणूस एकही नाही. शिक्षक, इलेक्ट्रिशियन, औषध दुकानदार, दोन-तीन कॉलेजची मुले असे स्वयंसेवक सगळे सांभाळतात. वर्गणी वर्षाला 600 रुपये, विद्यार्थ्यांना 200. एवढ्या पैशात काय मिळते आणि कुठे कमी पडते, ते नीट सांगायला हवे. सिनेमांची निवड चांगली असणे हे निम्मेच काम असते. उरलेले निम्मे काम, चित्र स्वच्छ दिसणे, संवाद कळणे आणि खालची सबटायटलची ओळ वाचता येणे, बहुतेक ठिकाणी देवाच्या भरवशावर सोडलेले असते. इथे ते सोडलेले नाही.

सभागृह 32 बाय 22 फूट, छत 11 फुटांवर. पडदा 12 फूट रुंद आणि पावणेसात फूट उंच, जमिनीपासून 4 फुटांवर सुरू होणारा. प्रोजेक्टर टेबलावर ठेवत नाहीत. पडद्यापासून 18 फुटांवर छताला टांगलेला आहे, आणि लेन्सचे अंतर-रुंदी गुणोत्तर 1.5 असल्याने चित्र पडद्यात बरोबर बसते. टेबलावरून तिरका मारून मग मशीनमधल्या कीस्टोनने चित्र चौकोनी करून घ्यायची सवय अनेकांना असते. त्यात चित्राचे पिक्सेल कमी होतात आणि पहिला फटका बसतो तो बारीक अक्षरांना. इथे कीस्टोन शून्यावर असतो.

खरी अडचण जमिनीची आहे. जमीन सपाट, खुर्च्या प्लास्टिकच्या, आठ रांगांत चौसष्ट. एकामागे एक सरळ खुर्च्या मांडल्या तर पाचव्या रांगेपासून मागे पडद्याचा खालचा भाग पुढच्या माणसाच्या डोक्याआड जातो, आणि सबटायटल नेमके तिथेच असते. म्हणून प्रत्येक दुसरी रांग अर्धी खुर्ची सरकवून लावतात. तरीही तळाचा सुमारे फूटभर भाग झाकला जातोच. त्यावर त्यांनी काढलेला मार्ग साधा आहे: व्हीएलसी या सिनेमा चालवायच्या प्लेअरमध्ये सबटायटलची जागा 200 पिक्सेल वर घेतात. या पडद्यावर ते 15 इंच होतात. सबटायटल चित्रातच छापून आलेली फाइल असेल तर ओळ हलवता येत नाही, म्हणून सिनेमा मागवतानाच सबटायटलची फाइल वेगळी मागतात.

आणि ती ओळ मराठीत असते! दरवेळी नाही, पण गेल्या वर्षीच्या वीसेक खेळांपैकी सात परभाषेतले सिनेमे मराठी सबटायटलसह झाले. तालुक्याच्या गावात याचे मोल फार आहे. 1968 साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी सुरू झाली. मोठ्या शहरांतल्या अशा मंडळांच्या प्रेक्षकांचे इंग्रजी ओळींवर निभावून जाते. इथे निम्मे सभासद मराठी माध्यमातले किंवा साठीपुढचे आहेत. इंग्रजी ओळ धावायला लागली की त्यांचा सिनेमा हातचा जातो. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या हेग्गोडूसारख्या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णांच्या नीनासम या नाट्यसंस्थेने 1973 साली चित्रसमाज ही फिल्म सोसायटी काढली होती. खेड्यातल्या माणसाला जगाचा सिनेमा झेपत नाही, ही समजूत तेव्हाच खोटी पडली होती. अडते ते भाषेपाशी.

दीड तासाच्या सिनेमात साधारण 800 ते 1200 ओळी येतात. चार जण मिळून तीन आठवड्यांत त्या करतात. नियम भिंतीवरच लावलेले आहेत: एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, एका ओळीत 38 अक्षरांच्या आत, पडद्यावर किमान एक सेकंद आणि शक्यतो सहाच्या आत. फाइल यूटीएफ-8 या युनिकोड प्रकारातच जतन करायची, नाहीतर पडद्यावर प्रश्नचिन्हांची माळ उमटते. फॉण्ट नोटो सान्स देवनागरी, जाड वजनाचा. बारीक वजनात जोडाक्षरांच्या रेषा चित्रात विरघळतात. दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागते, कारण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकींना भिडतात. कृष्णधवल सिनेमाला रंग फिकट पिवळा, काठ काळा. पांढऱ्या धोतरावर पांढरी ओळ दिसत नाही. अक्षराची उंची पडद्याच्या विसाव्या भागाइतकी, म्हणजे 4 इंच. खेळाच्या दीड तास आधी कोणीतरी शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसतो आणि 'उद्ध्वस्त', 'दृष्ट्या', 'कर्तृत्व' हे तीन शब्द मोठ्याने वाचतो. एकही अडखळला तर आकार वाढवतात.

सबटायटल मागेपुढे होण्याची दोन कारणे असतात आणि त्यांची गल्लत झाली की खेळ बिघडतो. सुरुवातीपासून ठरावीक अंतराने मागे असेल तर व्हीएलसीत जी आणि एच या बटणांनी 50-50 मिलिसेकंद सरकवून जमते. पण सुरुवातीला बरोबर आणि पुढे पुढे घसरत जात असेल तर फाइल सेकंदाला 25 फ्रेमची आणि सिनेमा 23.976 चा, किंवा उलट, असे असते. मिनिटाला जवळपास अडीच सेकंदांचा फरक पडतो, तासाभरात अडीच मिनिटांचा. तिथे बटणे दाबून उपयोग नाही, फाइलचा वेग सबटायटल एडिटरमध्ये बदलावा लागतो. म्हणून सिनेमाची सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन जागा आदल्या दिवशीच तपासतात.

आवाज मात्र अजून मनासारखा नाही. 12 इंची दोन स्पीकर स्टँडवर आहेत, पण मागची भिंत उघडी सिमेंटची आहे आणि घुमणारा आवाज शब्द गिळतो. एका खेळाला त्या भिंतीवर दोन जाड सतरंज्या टांगल्या होत्या, फरक लगेच कळला. त्या कायमच्या टांगाव्यात. दुसरे, 5.1 चा, म्हणजे सहा चॅनेलचा आवाज दोन स्पीकरवर नीट उतरवून घेतला नाही तर मधल्या चॅनेलमधले संवाद दबतात आणि संगीत मात्र दणदणते. प्लेअरमध्ये आवाज स्टिरिओवर घेणे ही खेळाआधी तपासायच्या यादीतली बाब असायला हवी, मध्येच कुणी उठून करण्याची नाही.

अंधार चांगला आहे. खिडक्यांना काळ्या मांजरपाटाचा दुहेरी पडदा, जिन्यातली ट्यूब बंद. एप्रिल-मेमध्ये खेळ साडेसहाऐवजी साडेसातला ठेवतात, हा शहाणपणा. वीज गेली तर प्रोजेक्टर आणि लॅपटॉप युपीएसवर असतात. सिनेमा पुढे चालवण्यासाठी तो पुरत नाही. दिव्याचा पंखा थांबून दिवा तापू नये एवढा वेळ मिळाला की काम झाले.

परवानगीच्या बाबतीत सोसायटी काटेकोर आहे, आणि हे आवर्जून सांगावेसे वाटते. तिकीट नाही म्हणजे परवानगी लागत नाही, असे बऱ्याच मंडळांना वाटते. पण घरगुती वापरासाठीची डीव्हीडी किंवा ओटीटीचे खाते सभागृहात चालवता येत नाही. इथे दिग्दर्शकांना किंवा निर्मात्यांना पत्र जाते, मराठी सबटायटल करण्याचीही परवानगी त्यातच मागतात. लघुपट करणारी तरुण मंडळी बहुधा आनंदाने होकार देतात. जुन्या भारतीय सिनेमांना प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षे झाली की हक्काची मुदत संपते, त्यामुळे त्या काळातले सिनेमे अधूनमधून असतात. 'ए' प्रमाणपत्राच्या खेळाला मुलांना दारातच थांबवतात.

खेळानंतरची चर्चा अर्धा तास. आधीचे प्रास्ताविक मात्र कधी वीस मिनिटांवर जाते आणि कथेतली गोम सांगून बसते. पाच मिनिटे आणि एक छापील पान पुरे आहे. चर्चेत तेच चार आवाज पुन्हा पुन्हा ऐकू येतात. चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून घेतले तर मागच्या रांगेतल्या मुलीही विचारतील.

जिना 21 पायऱ्यांचा आहे, लिफ्ट नाही. खालचे स्वच्छतागृह वाचनालय बंद झाले की कुलपात जाते. त्याची किल्ली सोसायटीने मागून घ्यायलाच हवी, कारण मध्यंतर नसलेल्या सव्वादोन तासांच्या सिनेमाला म्हातारी माणसे आणि बायका याच कारणाने येत नाहीत. खेळ दहाला सुटतो, तेव्हा आसपासच्या गावांना जाणारी शेवटची एसटीही निघून गेलेली असते. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, तेव्हा निदान डिसेंबर-जानेवारीत पाच-साडेपाचला सुरुवात सहज जमेल.

सभासद व्हायचे तर खेळाच्या दिवशी सहापासून जिन्याखाली टेबल असते. फॉर्म एका पानाचा, फोटो लागत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने चौथ्या रांगेत मधल्या वाटेलगतची खुर्ची धरावी. तिथे दोन्ही स्पीकर सारखे ऐकू येतात आणि वाटेमुळे समोर कुणाचे डोके येत नाही.