मंदीत स्वस्त मिळतेय म्हणून जुनी स्पोर्ट्स कार घेताय? मग हे वाचा

१ लाख १२ हजार ५०० डॉलर जुन्या जग्वार ई-टाइप गाडीचे, १,४५० व्हॅल्युअरची, म्हणजे गाडीची किंमत ठरवून देणाऱ्याची फी, २,३०० वाहतुकीचे. एवढं सगळं ओतून आज माझ्याकडे जी गाडी उभी आहे तिची किंमत ५८ हजार, ती पण गिऱ्हाईक मिळालं तर, आणि सध्याच्या बाजारात गिऱ्हाईक कुठून आणायचं ते तुम्हीच सांगा. आकडे आधीच लिहून टाकले कारण सगळ्यांना पहिलं तेच हवं असतं, "पण गेले किती?" घ्या. इतके गेले.

आणि मी काही या विषयात नवखा नाही. "कळत नाही तर कशाला पडायचं त्यात" हे आमच्या मेहुण्यांनी ऐकवून झालंय, बाकीच्यांनी तसदी घेऊ नये. जग्वार ई-टाइप १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हाला पहिल्यांदा दाखवली, ३.८ लिटरनंतर ४.२ चं इंजिन १९६४ च्या शेवटी शेवटी आलं, हेडलाइटवरच्या काचा १९६७ मध्ये गेल्या, हे मला झोपेतून उठवून विचारा. मी घेतली ती सिरीज वन, म्हणजे पहिल्या मालिकेतली, ४.२, कूपे (बंद छपराची), काचेखालचे दिवे. गाडी मला कळत होती. मंदीत तिची किंमत किती धरायची हे कळायला म्हणून तर पैसे मोजून माणूस लावला होता.

स्कीम अशी, की दलाल आणि व्हॅल्युअर आतून एक. जाहिरातीत भाव १ लाख १८ हजार. दलाल म्हणे मालकाचा धंदा बसलाय, कर्ज डोक्यावर आहे, त्याला रोकड हवीय, नाहीतर असली गाडी या भावात कोण सोडतंय. मी म्हटलं मला स्वतंत्र मूल्यांकन हवं. तर हा लगेच, "करा की, करायलाच पाहिजे," आणि तीन नावं दिली. एकच दिलं असतं तर मी तिथेच थांबलो असतो हो. पहिल्याने फोन उचलला नाही, दुसऱ्याला वेळ नव्हता, तिसरा नेमका मोकळा. विकणाऱ्याने दिलेल्या यादीतला व्हॅल्युअर घेऊ नका, यादी कितीही लांब असू दे.

रिपोर्ट आला तो ३४ पानांचा, गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. सुरुवातीची तीन पानं कशावर, तर फेरारी २५० जीटीओवर, २०१८ मध्ये मॉन्टेरेच्या लिलावात ती ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली वगैरे. अरे बाबा, जीटीओ बनल्या ३६ आणि ई-टाइप ७२ हजारांच्या वर, काय संबंध? पण ते वाचून माणूस सैल होतो, त्यासाठीच असतं ते. मग गाडीची ग्रेड "उत्कृष्ट" आणि शेवटी मूल्य: १ लाख ६४ हजार. शिवाय एक ओळ, की विक्रेत्याची सध्याची अपेक्षा "मंदीजन्य सवलत" समजावी. १ लाख ६४ ची गाडी १ लाख १८ ला, त्यात मी घासाघीस करून १ लाख १२ हजार ५०० वर आणली, म्हणजे सही करायच्या आधीच मी मनातल्या मनात ५१ हजार ५०० कमावून बसलेलो.

आता ते पान. अकरावं. तक्ता होता, "तुलनात्मक व्यवहार", पाच ई-टाइपच्या विक्रीच्या नोंदी, तारीख, ठिकाण, रक्कम. पाचच्या पाच तारखा तेजीतल्या. बाजार पडायला लागल्यानंतरची एकही नाही. आणि हे मला दिसलं होतं! मी काही आंधळ्यासारखी सही केलेली नाही, मी पेन्सिलीने त्या तारखांखाली रेघ मारली, ती रेघ अजून आहे त्या कागदावर, आणि फोन करून विचारलं की मंदीनंतरचा एक तरी व्यवहार का नाही. तो क्षणभर गप्प, मग एकदम गोड आवाजात, "साहेब, मंदीत चांगल्या गाड्या बाजारात येतच नाहीत हो. मालक धरून बसतात. मग शेवटचे जे खरे व्यवहार झाले तेच धरायचे, पद्धतच आहे ती."

यात संताप कशाचा येतो, तर हे अर्धं खरं आहे. मंदीत आधी भाव पडत नाहीत, आधी व्यवहार आटतात. मालकाच्या डोक्यात तेजीचा आकडा असतो, घेणारा गप्प बसतो, लिलावात बोली रिझर्व्हपर्यंत, म्हणजे मालकाने ठरवलेल्या किमान भावापर्यंत पोचतच नाही आणि गाडी न विकता परत जाते. अन् जिथे बोली थांबली तो आकडा त्या दिवशीच्या खऱ्या बाजारभावाच्या जास्त जवळचा असतो, फक्त तो "विक्री" नाही म्हणून सरासरीत येत नाही. विकल्या जातात त्या एकदम अव्वल गाड्या, म्हणून सरासरी छान दिसते आणि मधल्या दर्जाच्या गाड्या खालच्या खाली बुडत असतात. त्यात लिलावाचा छापून येणारा आकडा म्हणजे घेणाऱ्याने भरलेलं कमिशन धरून, दहा टक्के किंवा त्याहून जास्त, ते विकणाऱ्याच्या खिशात जातच नाही. आणि जाहिरातीतला भाव म्हणजे तर नुसती इच्छा. न विकल्या गेलेल्या गाड्यांच्या शेवटच्या बोली मागा. व्हॅल्युअर त्या देऊ शकत नसेल तर त्याला मूल्यांकन येत नाही, आणि देत नसेल तर मग काय ते समजा.

मला हे माहीत नव्हतं का? होतं ना! १९८८ च्या ऑगस्टमध्ये एन्झो फेरारी गेले आणि भाव कसे वेड्यासारखे चढले, कोरी चार लाख डॉलरच्या आसपास मिळणाऱ्या फेरारी एफ४० साठी लोक दहा दहा लाख कसे मोजायला लागले, मग नव्वदीच्या सुरुवातीला मंदी आली आणि त्याच एफ४० काही वर्षांत कोऱ्या गाडीच्या भावाच्याही खाली कशा आल्या, ही गोष्ट मी स्वतः लोकांना रंगवून सांगायचो. १९९१ मध्ये १९८९ चे आकडे दाखवून गाड्या खपवणाऱ्यांना हसायचो. पण समोर बसलेला माणूस सर्टिफिकेट लटकवून, तुमच्याकडून फी घेऊन "पद्धतच आहे" म्हणतो तेव्हा तुम्ही डॉक्टरशी घालता तेवढीच हुज्जत घालता. फी मी दिली म्हणजे माणूस माझा, असा हिशोब होता. कमिशन तिकडून मिळत असेल तर १,४५० डॉलर ही त्याची चहापाण्याची रक्कम.

तेहेतिसाव्या पानावर बारीक अक्षरात आणखी एक वाक्य होतं, की हे मूल्य "फक्त विम्याच्या हेतूने". विम्याचं मूल्य म्हणजे गाडी जळाली तर तशीच दुसरी शोधून आणायला काय लागेल ते, त्याचा उद्या विकून काय मिळेल याच्याशी संबंध नाही, आणि मंदीत या दोन आकड्यांमधली दरी चांगलीच वाढते. कर्ज देणारेही कधीकधी हाच कागद धरतात. तुम्ही धरू नका.

गाडी आली, विमा कंपनीने आपला माणूस पाठवला. म्हातारा, फक्त जग्वारच बघणारा. त्याने बॉनेट उघडलं, ऑइल फिल्टरच्या वर ब्लॉकवर (इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावर) जिथे इंजिन नंबर ठोकलेला असतो तिथलं तेल फडक्याने पुसलं, टॉर्च आडवी धरली आणि मला म्हणाला बोट फिरवून बघा. आजूबाजूचं ओतीव लोखंड खरबरीत आणि नंबराची जागा तेवढीच गुळगुळीत, तिच्यावर तिरक्या बारीक रेघा, ग्राइंडरच्या. शेवटचा ९ बाकीच्या आकड्यांपेक्षा खोल आणि किंचित कललेला. मग त्याने हेडच्या, म्हणजे ब्लॉकवर बसणाऱ्या झाकणासारख्या भागाच्या, पुढच्या बाजूला टॉर्च मारली. कारखान्यातून गाडी निघते तेव्हा ब्लॉक आणि हेडवर एकच नंबर असतो. ई-टाइपच्या त्या ४.२ चा नंबर "७ई" ने सुरू होतो. माझ्या हेडवर "७एल". म्हणजे जग्वारचीच एक्सजे६. चार दरवाजांची सेडान! तिचं अख्खं इंजिन उचलून बसवलेलं, आणि ब्लॉकवरचा नंबर घासून तिथे हेरिटेज सर्टिफिकेटवरचा (गाडीच्या मूळ कारखाना-नोंदींच्या दाखल्यावरचा) नंबर ठोकलेला. सर्टिफिकेट अस्सल आहे बरं का, त्यात काही खोट नाही. ते कारखान्यातून काय बाहेर पडलं ते सांगतं, आज गाडीत काय आहे ते सांगत नाही, आणि ठोकणाऱ्याला नेमका कुठला नंबर ठोकायचा ते मात्र आयतं मिळतं.

रिपोर्टमध्ये ब्लॉकच्या नंबराचा मोठा फोटो होता. हेडचा नव्हता, खाली फक्त "हेड रिस्टोरेशनमध्ये बदललेलं, सर्वसाधारण बाब". बदलतातही लोक, अॅल्युमिनियमचं हेड खराब होतं. म्हणून सांगतो, नंबराचे फोटो सगळे मागा, ब्लॉक, हेड, गिअरबॉक्स, बॉडी, आणि न कापलेले. दरवाज्याखालच्या पत्र्यावर म्हाताऱ्याने मॅग्नेट लावला तर तो हातभर जागेत कुठे चिकटेचना, सगळी पुट्टी. मॅग्नेट काही डॉलरला मिळतो. ५८ हजार त्यानेच लिहिले, मंदी धरून, आणि वर म्हणाला तेही जरा उदारपणे लिहिलेत.

बरं, मग गेलो तक्रार करायला, आणि खरी करमणूक तिथून पुढे आहे. पोलिस म्हणाले तुम्ही गाडी पाहिली होती, तज्ज्ञाचा लेखी रिपोर्ट तुमच्याकडे आहे, करारावर "आहे तशी" लिहून सही तुमची, हा दिवाणी वाद झाला. मी म्हटलं नंबर घासून दुसरा ठोकलाय, हा दिवाणी वाद? त्यावर टेबलापलीकडचा माणूस म्हणतो, "कोणी ठोकला ते सिद्ध करा." मी सिद्ध करू? मग तुम्ही कशाला बसलाय? ऑनलाइन फॉर्म भरायला सांगितला, भरला, एक नंबर आला आणि त्या नंबराचं पुढे काय होतं ते त्यांनाही माहीत नाही. बँक म्हणते पैसे तुम्ही स्वतः पाठवले, तुमच्याच पासवर्डने, यात आम्ही काय करणार. पैसे जाण्याच्या आधी त्यांनी मला एक मेसेज पाठवला होता म्हणे, "तुम्ही या व्यक्तीला ओळखता का", तर झाली त्यांची जबाबदारी पूर्ण. ग्राहक तक्रारीवाले म्हणाले दोन खासगी व्यक्तींमधला व्यवहार आमच्यात बसत नाही, दलाल म्हणतो मी फक्त ओळख करून दिली, मालक फोनच उचलत नाही. व्हॅल्युअरच्या संघटनेने तर कमालच केली, त्यांचं पत्र आलं की संबंधित गृहस्थांचं सदस्यत्व आधीच संपलेलं असल्याने ते दखल घेऊ शकत नाहीत. मग त्याच्या रिपोर्टवर तुमचा शिक्का कसा? त्याला उत्तर नाही. (सदस्यत्व स्वतः फोन करून तपासा, शिक्का कोणीही छापतो.)

आणि एवढ्यावर थांबलं असतं तर बोललो नसतो, पण मी प्रामाणिकपणे नोंदणी खात्याला कळवलं की इंजिन नंबरात गडबड आहे, तर त्यांनी माझ्याच गाडीची नोंदणी रोखून धरली आणि इंजिन चोरीचं नाही याचा पुरावा मलाच आणायला सांगितला. ज्याने घासला तो मोकळा आणि मी खुलासे देत फिरतोय. गाडी रस्त्यावर काढता येत नाही, विकता येत नाही, उभी करायचं भाडं महिन्याला २१० डॉलर चालूच. म्हाताऱ्याचे ५८ हजारसुद्धा नोंदणी सुटेपर्यंत कागदावरच. वकील म्हणतो दावा लावायचा तर ३० हजार बाजूला काढा, आणि समोरच्याच्या नावावर काही निघेल याची खात्री नाही. म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

पैसे पाठवायचेच असतील तर तिऱ्हाइताच्या खात्यात ठेवा, तपासणी होईपर्यंत. मला "मालकाला आजच हवेत, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे" असं सांगितलं होतं. मंदीत दुसरं गिऱ्हाईक! पाचशे जाहिराती महिनोन्‌महिने पडून आहेत आणि याच्याकडे रांग लागलीय. आणि तोच दलाल याच्या आदल्याच वाक्यात म्हणत होता की गिऱ्हाईक नाही म्हणून स्वस्त आहे.

गेल्या आठवड्यात त्याच दलालाची नवीन जाहिरात दिसली, या वेळी जुनी पोर्श ९११, सोबत रिपोर्ट. मी ओळखीच्या एकाकरवी तो मागवला. व्हॅल्युअरचं नाव वेगळं, मांडणी तीच, जीटीओची तीन पानं जशीच्या तशी, आणि अकराव्या पानावर तक्ता, तारखा सगळ्या तेजीतल्या. तो मी फसवणूक विभागाला पाठवला तर उत्तर आलं की ही गाडी अजून विकली गेलेली नाही, त्यामुळे सध्या कोणाचं नुकसान झालेलं नाही. एकट्या माणसाच्या तक्रारीला ते फक्त नंबर देतात, दोनचार जणांच्या सारख्या तक्रारी आल्या तर म्हणे एकत्र बघतात. कोणाच्या कपाटात असा रिपोर्ट पडला असेल तर तो बाहेर काढा, अकरावं पान बघा आणि तक्रार टाका, लाज वाटत असली तरी टाका.